कातिनीवरचा आळ

भांडण दुसऱ्याच्या घरचं असलं की भाकरी थापतानासुद्धा कान तिकडेच जातात. मी काही वेगळी नाही. आमच्या अन् भावसिंगच्या घरात एकच भिंत, तीही मातीची आणि छपरापर्यंत न पोचलेली. त्यांनी मिरचीची फोडणी दिली की ठसका मला लागायचा. त्या दिवशी सकाळी मी चुलीपुढे बसले होते. पस्तीसेक वर्षं झाली असतील. पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते.

"वर पाह्य! पाह्य किती जाळे हायेत!" भावसिंग बायकोवर ओरडत होता. "कामचोर बाई! तुह्या आळसानं कातीन मुतली पोरीच्या तोंडावर. तुह्या आळसानं डोळा गेला तिचा!"

बायको म्हणजे जमनी. मग तिचा आवाज आला, बारीक पण सरळ.

"अन् पुडी कोनं आनली?"

काहीतरी आपटलं. भांडं होतं का माणूस, ते भिंतीतून कळत नाही.

"पुडीचं नाव पुन्हा काहाडशीन तं याद राख. या घरात पुडी आलीच नाही. समजलं?"

मग जमनी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "घातली तं मीच ना. माह्याच दुधात कालवली, अन् मीच घातली."

मी ऐकलं, आणि तव्यावरची भाकर करपली. भाकर कुत्र्याला टाकली. ऐकलेलं मात्र टाकायला जागा नव्हती, ते पोटात राहिलं.

जमनीला जाऊन आता सहा महिने होतील. तांड्यात तिची आठवण निघते ती तिच्या बांबूवरून, आणि लोक हसून बोलतात. हसू द्या. पण तो बांबू तिच्या हातात आला कसा, हे सांगणारी आता मी एकटीच उरले.

तेव्हा आमच्या तांड्यात नुकतीच लाइट आली होती. पहिलं मीटर भावसिंगच्या घरी बसलं. बल्ब एकच, तो लावायचा कुठं? त्यानं थेट पाळण्यावर लावला. पाळण्यात सहा महिन्यांची संगीता. लोक बल्ब पाहायला यायचे आणि पोरगी पाहून जायचे. भावसिंगला वाटायचं, दोन्ही त्यानंच बनवले.

पोळ्याच्या सुमाराला एका सकाळी संगीताच्या गालावर लाल पट्टा उठलेला दिसला, चटका बसल्यासारखा. दुपारपर्यंत त्यावर बारीक फोड आले. पापणी सुजून डावा डोळा बंद झाला. आम्ही बायका गोळा झालो आणि सगळ्यांनी एकदमच वर पाहिलं. कोपऱ्यात जाळं होतं, जाळ्यात लांब पायांची कातीन बसली होती. कातीन म्हणजे तुमचा शाळेतला कोळी. निजलेल्या माणसावर कातीन मुतते आणि फोड उठतात, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. चोर घरातच सापडला. मीसुद्धा म्हटलं, "कातीनच हाये वो बाई." माझीही जीभ त्यात होती, ती मी वगळत नाही.

भावसिंग बाजारात गेला. तिथं एक वैदू रस्त्याच्या कडेला मुळ्या-पाले मांडून बसायचा. त्यानं पांढरी पुडी दिली. आईच्या दुधात कालवायची, दिवसातून तीनदा डोळ्यात घालायची. जमनीनं घातली. पोरगी अशी रडली की दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडातून आवाजच निघेना. तरी जमनीनं घातली. औषध झोंबतंच, असं सगळे म्हणाले. पाचव्या दिवशी उमरखेडला नेलं. डॉक्टरनं पापणी उचलली तर बुबुळ शिजल्या भातासारखं पांढरं झालेलं.

"डोळ्यात काही घातलं होतं का?" डॉक्टरनं विचारलं.

"काई नाही साहेब," भावसिंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भांडण झालं, आणि पुडी त्या घरातून कायमची गेली. उरली ती जाळी.

त्याच दुपारी जमनीनं बांबू शोधला. चांगला सात हात लांब. टोकाला शिंदीचा फडा बांधला, आणि घराचं आढं न् आढं झाडलं. मग माझं घर झाडलं. मग शेजारचं. मी म्हटलं, "अवो, बस झालं." ती म्हणाली, "एक भी नाही राह्यली पायजे." पुढं हे वर्षानुवर्षं चाललं. कोणाच्या घरी बाळंतपण झालं की पाळणा बांधायच्या आधी जमनी बांबू घेऊन दारात उभी. कोणी बोलावलं नाही तरी यायची. पुढं पुढं लोकच बोलवायला लागले. पाळणा बांधायच्या आधी नारळ, आणि नारळाच्या आधी जमनी, असा रिवाजच पडला. नेमसिंगची म्हातारी म्हणायची, "जमनी आली, पळा वो कातिनींनो, लेकरंबाळं घ्या अन् पळा!" सगळे हसायचे. जमनी हसायची नाही. कोपरे झाडायची, खाली पडलेली कातीन पायानं चिरडायची, आणि निघताना बाळाच्या पायांना हात लावायची. फक्त पायांना. बाळाच्या तोंडाला तिनं पस्तीस वर्षांत बोट लावलं नाही. लोकांना वाटायचं, मानाची रीत आहे.

संगीता मोठी झाली ती असली माय पाहत. शाळेत पोरं तिला 'फुली' म्हणायची, डोळ्यात फूल पडलेलं म्हणून. एकदा रडत घरी आली आणि बापाला विचारलं, "बा, माह्या डोळ्याले काय झालतं?" भावसिंगनं हातातल्या काडीनं छपराकडे दाखवलं. "तुह्या याडीले विचार, जाळे कोनाचे होते." याडी म्हणजे आई. जमनी तिथंच भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही.

म्हणजे पोरीला उत्तर मिळालं.

लग्न जमता जमेना. शेवटी यवतमाळजवळ लोहारा गावच्या कारखान्यात काम करणारा एक बिजवर मिळाला. माणूस बरा, पण पहिलीच्या फोटोला हार घालूनच चहा पिणारा. संगीता गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, ती आली नाही. पहिली पोरगी वर्षा झाली तेव्हा फोनवर मायला म्हणाली, "तुह्या घरी माह्यं लेकरू निजनार नाही. अन् बांबू घेऊन इकडं येजो नको. माह्यं घर साफ असते." जमनीनं फोन ठेवला आणि मला एवढंच म्हणाली, "साऱ्या तांड्याचे पाळने झाडले, बाई. पोरीचाच राह्यला."

तिला आयुष्यात दुसरं काही मागायचं नव्हतं. एक पाळणा.

आमच्या तांड्यातल्या शाळेत जमनी खिचडी शिजवायची. मी तांदूळ निवडायला जायची, पैशासाठी नाही, गप्पांसाठी. तीन वर्षांपूर्वी वैष्णवी मॅडम आल्या. यवतमाळच्या, वयानं माझ्या नातीएवढ्या, स्कूटीवरून यायच्या. एका पावसाळी सकाळी वर्गाच्या कोपऱ्यात जाळं होतं आणि मॅडमनी ते काढू दिलं नव्हतं. जमनी झारा घेऊन दारात उभी राहिली.

"मॅडम, ते जाळं राहू नका देऊ. पोट्टे खाली बसतात. मी बांबू घेऊन येतो."

"असू द्या मावशी, मीच ठेवलंय. आज त्याचाच धडा आहे."

"मुतते ते."

पोरं फिदीफिदी हसली. मॅडम हसल्या नाहीत. "मुतली तर काय होतं?"

"फोड उठतात. डोळा जाते."

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग लोणच्याची रिकामी बरणी जाळ्याखाली धरली, कागदानं कातीन आत ढकलली, आणि बरणी पोरांकडे न नेता जमनीपुढे धरली. "मोजा मावशी, पाय किती."

जमनीनं झारा काखेत धरून मोजले. "दहा."

"पुढचे दोन नीट पाहा. आखूड आहेत, आणि चालताना ते टेकत नाही ती."

"मंग हात म्हना ना त्याइले. घास चाचपाले."

"बरोबर, हातच समजा."

"मंग आठ."

"आता अंगाचे भाग किती?"

जमनीनं बरणी उजेडाकडे फिरवली. "दोन. पुढं डोकं अन् छाती एकच हाये. मांगं पोट. मधात बारीक कंबर, सुतावानी."

"पंख? मिशा?"

"नाही. हिले काईच नाही. बिचारीले पंख भी नाही." जमनीनं 'बिचारी' म्हटलं ते तिचं तिलाच चमत्कारिक वाटलं असावं. मॅडमनी भिंग दिलं. "आता डोळे मोजा."

ती ओठ हलवत मोजत राहिली. मग भिंग खाली घेतलं आणि पदरानं पुसलं, जसं काही भिंगच खोटं बोलत होतं. पुन्हा मोजले. आठ.

मग मॅडम व्हरांड्यात गेल्या. रात्रभर ट्यूबलाइट चालू राहिली होती, तिच्याखाली किड्यांचा सडा पडला होता. त्यातला एक कागदावर घेऊन आल्या. तांदळाच्या दाण्याएवढा, लाल आणि काळा, मुंगीसारखा बारीक, शेपटीकडचं पोट वर उचललेलं.

"हा कोळी नाही, किडा आहे. पाय मोजा."

"सहा."

"अंगाचे भाग तीन. डोकं वेगळं, छाती वेगळी, पोट वेगळं. या दोन मिशा. पाठीवर हे आखूड निळं कवच, त्याच्याखाली पंख दुमडलेले. किडा म्हणजे असा. कोळी किडा नसतोच मावशी, त्याचं घराणंच वेगळं." मॅडमनी मान वाकवून गळ्यावरचा जुना डाग दाखवला. "हॉस्टेलला असताना हाच माझ्या मानेवर चिरडला होता. हा चावत नाही आणि मुतत नाही. अंगावर बसला आणि आपण चोळला, की याचा रस कातडी जाळतो. गंमत अशी की फोड दुसऱ्या दिवशी उठतात. तोवर हा कुठला कुठं गेलेला असतो. मग माणूस वर पाहतो, तर जाळ्यात कोळी बसलेला. पळून न गेलेला सापडतो."

"येते कुठून हे?"

"पावसाळ्यात शेतातून. उजेडाकडे येतात. उलट जाळं असलं तर यातले काही त्यातच अडकतात."

जमनीनं वर ट्यूबलाइटकडे पाहिलं. झाऱ्यावरची खिचडी लुगड्यावर गळत होती, तिला भान नव्हतं.

"मॅडम, लेकराच्या डोळ्याले लागलं तं?"

"डोळा सुजतो, बंद होतो, भीती वाटते. साबणानं हात धुवायचे, डोळा साध्या पाण्यानं धुवायचा आणि लगेच डॉक्टरकडे न्यायचं. नीट उपचार केला तर डोळा सहसा जात नाही. आपल्या मनानं काहीबाही घातलं तर मात्र जातो."

मॅडमना काही माहीत नव्हतं. त्यांनी धडा शिकवला. मी तांदळाच्या सुपात मान घातली. मी दुसरीपर्यंत शिकले, त्यात हा धडा नव्हता, आणि तेव्हा असता तरी कोणी ऐकला असता असं नाही.

त्या दिवशी दिवे लागायच्या आधी जमनी माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"बाई, त्या दिवशी तू आयकलं होतं ना?"

"कोनत्या दिवशी?"

"उगी करू नको. भाकर करपली होती तुह्यी. वास आलता मले भितीवरून."

इतकी वर्षं तिला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. आणि आम्ही दोघी एकमेकींच्या घरून विरजण नेत राहिलो, पापड लाटत राहिलो.

"मंग बोलली काहून नाही कधी?" तिनं विचारलं.

"तू बोलली का?"

"नाही."

ती ओट्यावरची माती नखानं उकरत बसली. मग म्हणाली, "देवानं कातिनीले आठ डोळे देल्ले. माह्या पोरीले दोन देल्ले होते, ते भी मले सांभाळता नाही आले."

"पुडी तं त्यानं आनली."

"आनली त्यानं. हात कोनाचा होता? पोरगी तोंड फिरवे तं मी तिचं डोकं मांडीत दाबून धरो." ती पुढं म्हणाली, "जाळ्याचा आळ गेला, बाई. पन जाळे होते तोवर बरं होतं. आळशी म्हनून घेनं सोपं होतं."

"आता काय करतं?"

"संगीताले सांगा लागते. कातिनीनं नाही केलं म्हनून."

"मंग ते विचारन, कोनं केलं."

"तेच तं सांगा लागते."

पण ते तिला दोन वर्षं जमलं नाही. प्रत्येक सणाला म्हणायची, या वेळी फोन करतो. फोन हातात घ्यायची, वर्षाचा अभ्यास विचारायची, ठेवायची.

तेवढ्या काळात ती कातिनी पाहत फिरली. शाळेतलं भिंग मॅडमनी तिला देऊनच टाकलं. भेंडीच्या झाडावर मुंगी चालली होती. मॅडम म्हणाल्या मुंगी, ही म्हणाली, "मॅडम, आठ हायेत. पुढचे दोन वर धरून मिशा करून दाखवते चोट्टी." मॅडमनी भिंग लावलं तर खरंच कातीन. मुंगीचं सोंग घेतलेली. मॅडम हसून म्हणाल्या, "मावशी, आता धडा तुम्हीच घ्या." एकदा शेताच्या धुऱ्यावर मला हात धरून खाली बसवलं. मातीच्या रंगाची कातीन चालली होती, आणि तिच्या पाठीवर बारीक बारीक पिल्लांचा ढीग. "पाह्य," जमनी म्हणाली, "आपल्या लदेनीवानी." आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचे, पोरंसोरंही त्याच ओझ्यावर बसलेली. मी म्हटलं, "हे तं आपली लमानीन निघाली." ती हसली. आणि मग म्हणाली, "तीस वर्षं असल्याच मारल्या मी. पायानं."

बांबूचा फडा तिनं सोडून टाकला. त्या जागी तारेचा आकडा बांधला. आता बाळंतिणीच्या घरी गेली की जाळ्याला हात लावायची नाही. पाळण्यावर लोंबणाऱ्या बल्बची वायर आकड्यानं ओढून दाराजवळच्या खुंटीला अडकवायची. मग कोपऱ्यात पाहून पाय मोजायची, आणि बाळाच्या पायांना हात लावून निघायची. लोक म्हणाले, जमनी म्हातारी झाली, जाळे सोडून उजेड झाडते. दोघी-तिघींनी ती गेल्यावर बल्ब पुन्हा जागेवर आणला. ती दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा सरकवायची.

भावसिंगला हे झोंबलं. भिंतीपलीकडून मी ऐकलं. आता माझ्या कानांना कमी येतं, पण तो ओरडायचाच तसा.

"लोकायचे बल्ब कायले सरकवून राह्यली तू? याड लागलं का?"

"उजेडाले किडे येतात."

"म्हंजे माह्या बल्बानं झालं म्हनतं का? आं?"

"मी तं काई म्हनलं नाही. तुमीच म्हनलं."

त्यानंतर तो आठ दिवस माझ्याशीही बोलला नाही. का, ते त्यालाच ठाऊक.

मागच्या वर्षी होळीच्या आधी जमनीचं जेवण तुटलं. पोटात गाठ निघाली. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पंधरा दिवस ठेवलं. मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या, जे आवडते ते खाऊ घाला. डॉक्टर गरिबाला आवडीचं खा म्हणतो, तेव्हा समजून घ्यायचं.

संगीता पाहायला आली. दिवस गेले होते तिला, चौथा की पाचवा महिना. दारात उभी राहून तिनं आधी छपराकडे पाहिलं. ती सवय तिची जात नाही. कोपऱ्यात जाळं होतं. तिचा चेहरा असा झाला, जसं कोणी तिला पुन्हा 'फुली' म्हटलं.

"अजून जाळे हायेतच, याडी."

"हायेत. बस."

मी उठायला लागले, तर जमनीनं माझा पदर धरला. भावसिंग खाटेवर होता. जमनी उशीला टेकून बसली आणि बोलली. मधे मधे थांबत, पण एकही शब्द इकडचा तिकडं न करता. किड्याचे सहा पाय, कातिनीचे आठ. बल्ब. सूज. मग म्हणाली, "सूज उतरली असती, पोरी. डोळा राह्यला असता. मी पुडी घातली तुह्या डोळ्यात. माह्या दुधात कालवून, तीन दिवस. तुह्यं डोकं मांडीत दाबून."

भावसिंग खाटेवरून उठला. "काय बकते ही! बिमारीनं डोकं गेलं तिचं. त्या मास्तरनीनं भरवलं."

संगीता त्याच्याकडे पाहतही नव्हती. "पुडी कोनं आनली?"

पस्तीस वर्षांपूर्वी मी हेच शब्द भिंतीतून ऐकले होते. तेव्हा काहीतरी आपटलं होतं. या वेळी काहीच आपटलं नाही. भावसिंग भिंतीकडे पाहत राहिला.

"ते नको विचारू," जमनी म्हणाली. "घातली मी."

संगीता माझ्याकडे वळली. "मावशी, तुले माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, चांगल्या डोळ्यानं आणि पांढऱ्या डोळ्यानंसुद्धा. मग पिशवी उचलली. आणलेली केळी तिथंच ठेवली. "आजवर मी तुले आळशी समजत होती, याडी," ती दारातून म्हणाली. एवढंच. त्यापुढं काय समजणार होती ते सांगितलं नाही. दुपारच्या गाडीनं गेली.

भावसिंग त्या दिवसापासून खाट अंगणात टाकून तिथंच राहायला लागला. जेवण मी न्यायची. एकदा म्हणाला, "वैदूनं सांगतलं होतं, उतार पडन." मी ताट ठेवलं आणि आले.

उन्हाळा गेला. जमनी इतकी वाळली की पाटल्या दंडापर्यंत सरकायच्या. फोन वाजला की मान उचलायची. फोन बहुतेक वेळा कंपनीचा असायचा, रिचार्ज संपला म्हणून सांगणारा. जमनी पूर्ण ऐकून घ्यायची आणि "बरं" म्हणायची.

नागपंचमी होऊन गेल्यावर एका सकाळी संगीताचा फोन आला. मीच उचलला.

"मावशी, पोरगी झाली. आज बारा दिवस झाले. परवा पाळना बांधतो." मागून कारखान्याचा भोंगा वाजला. "तिले म्हना, बांबू घेऊन येजो."

जमनीला जाण्याची ताकद नव्हती, हे मला दिसत होतं आणि तिलाही ठाऊक होतं. तिनं वेणी घालून मागितली.

सकाळच्या गाडीला आम्ही दोघी चढलो. सात हातांचा बांबू एसटीत कसा घालायचा, ही एक मोठीच पंचाईत. पुढच्या दारातून घुसवला तर ड्रायव्हरच्या मानेपर्यंत पोचला.

"ओ बुढे, हे काय झेंडा घेऊन निघाल्या?" कंडक्टर म्हणाला. "याचं तिकीट लागन."

"अर्धं घे," जमनी म्हणाली. "उभा राह्यत नाही ते, निजून येते."

सगळी गाडी हसली. कंडक्टरनं तिचा चेहरा पाहिला, तो हसता हसता थांबला, आणि बांबू स्वतः उचलून सीटांखालून नीट सरकवला. वाटेत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून निजली. वजन असं, जसं कोणी शाल ठेवली.

लोहाऱ्याला संगीताची खोली पत्र्याची, पण आरशासारखी स्वच्छ. कुठं धुळीचा कण नाही. स्टुलावर चढलं असतं तरी हात पुरला असता. पण जमनीनं बांबूच घेतला. पाळणा खोलीच्या मधोमध बांधला होता आणि बल्ब बरोबर त्याच्यावर. संगीता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पुढं आली नाही, मागंही सरली नाही. वर्षा मायच्या मागून पाहत होती.

जमनीचा आकडा दोनदा चुकला. मी हात लावायला गेले तर तिनं कोपरानं दूर केलं. तिसऱ्या वेळी वायर आकड्यात आली. तिनं ती हळूहळू ओढली, दाराजवळच्या खिळ्याला अडकवली, आणि वाट पाहिली, सुटते का म्हणून. सुटली नाही.

मग तिनं कोपरे पाहिले. तीन कोपरे लख्ख. चौथ्यात, पाण्याच्या पिंपावर, एक छोटं जाळं होतं. नवीनच, दोन-तीन दिवसांचं. आरशासारख्या घरात कोणीतरी ते ठेवलं होतं. जमनीनं कनवटीचं भिंग काढलं, पिंपाला धरून वाकली, आणि ओठ हलवत मोजत राहिली.

"आठ," ती म्हणाली.

पाळण्यापाशी आली. पोरगी जागी होती, मुठी चावत होती. जमनीनं दुपट्याच्या टोकातून बाहेर आलेल्या पायांना हात लावला.

"तोंड पाह्य ना तिचं," संगीता दारातून म्हणाली.

"पाह्यलं," जमनी म्हणाली. हात पायांवरच होता.

संगीतानं चहा केला. जमनीनं दोन घोट घेतले आणि कप बशीत पालथा घातला, जसा ती सगळ्या घरी घालायची. मला म्हणाली, "चाल बाई, चारची गाडी भेटन." मी बांबूचं एक टोक धरलं, तिनं दुसरं. रात्री तांड्यावर उतरलो. तिनं अंगणातल्या भावसिंगला सांगितलं, "पोरगी हाये. चांगली हाये." आणि बांबू भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर आडवा ठेवला, आकडा दाराकडे करून, नेहमी ठेवायची तसा.